मोबाईल, वर्ग आणि आमच्या मुलांचा वेळ

शाळेत मोबाईल असावा की नसावा, यावर सध्या पुष्कळ बोलले जाते. वर्तमानपत्रांतून लेख येतात, पालकसभांतून तक्रारी होतात, शिक्षकांच्या खोलीत वाद रंगतात. बोलणाऱ्यांचे सरळ दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, मोबाईलने पोरे बिघडली, तो शाळेतून हद्दपार करा. दुसरा म्हणतो, युग तंत्रज्ञानाचे आहे, मोबाईल नाकारणे म्हणजे प्रगती नाकारणे. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत बावीस वर्षे शिकवतो आहे. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले दलित, भटक्या आणि ऊसतोड मजुरांच्या घरांतून येतात. या दोन्ही तटांचे बोलणे ऐकताना मला सारखे वाटते की, ही मुले या वादात कोणालाच दिसत नाहीत. दोन्ही बाजू ज्या घराची कल्पना करून बोलतात, त्या घरात अभ्यासाची स्वतंत्र खोली आहे, पुस्तकांचे कपाट आहे, संध्याकाळी जवळ बसून पाढे म्हणून घेणारे कोणीतरी आहे. आमच्या मुलांच्या घरात यांपैकी काहीच नाही. म्हणून हा प्रश्न त्यांच्या उंबऱ्यावर उभे राहून पाहिला पाहिजे.

आधी थोडे मागे जाऊ. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा सरकारने, शिक्षणखात्याने आणि आम्ही शिक्षकांनीही एका सुरात सांगितले की, शाळा बंद असली तरी शिक्षण बंद नाही. ते मोबाईलवर येईल. व्हॉट्सॲपवर वर्गावर्गांचे गट झाले. ‘दीक्षा’ ॲपवरचे पाठ पाठवले जाऊ लागले. बघता बघता मोबाईल हीच शाळा झाली. याचा सरळ अर्थ असा की, ज्याच्या घरी मोबाईल नाही ते मूल शाळेबाहेर गेले. कोणी त्याचे नाव पटावरून कमी केले नाही, कोणी त्याला वर्गाबाहेर गोणपाटावर बसवले नाही. तरीही ते बाहेरच होते, आणि या वेळी त्याला बाहेर बसवणारा कोणी एक माणूस बोट दाखवायलाही सापडत नव्हता. १ जून २०२० रोजी केरळात ऑनलाईन वर्ग सुरू झाले, त्याच दिवशी तेथील एका दलित शाळकरी मुलीने आपले जीवन संपवले. वडील मजूर होते, घरातला टीव्ही नादुरुस्त होता आणि स्मार्टफोन नव्हता.

ही एका घराची गोष्ट नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाईन शिकणारी मुले शंभरात अवघी आठ निघाली. त्यातही दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण शंभरास चार-पाच एवढेच होते, तर इतर ग्रामीण मुलांत पंधरा. त्याच वर्षीच्या ‘असर’ पाहणीत दिसले की, विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते ६७.६ टक्क्यांवर गेले. पण स्मार्टफोन असलेल्या घरांतही २६ टक्के मुलांच्या हाती तो कधीच येत नव्हता. बाप कामावर जाताना मोबाईल घेऊन जाई. घरात मुलगा आणि मुलगी असतील तर तो मुलाच्या हाती राही.

तरीही लोकांनी मोबाईल घेतले. आमच्या गावात कोणी शेळी विकली, कोणी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून पैसे बाजूला काढले. पोराचे शिक्षण बुडू नये म्हणून अंगठा उठवणाऱ्या माणसाने कर्ज काढून ही वस्तू घरात आणली. मोबाईलने पोरे बिघडली असे आज म्हणताना हे विसरता कामा नये. तो आणा असे आम्हीच सांगितले होते.

शाळा पुन्हा भरू लागल्या आणि आमचा सूर पालटला. २०२२ साली आमच्या शाळेत नियम झाला: दप्तरात मोबाईल सापडल्यास जप्त करायचा, कार्यालयाच्या कपाटात ठेवायचा आणि पालक समक्ष आल्याशिवाय परत द्यायचा नाही. हा नियम करणाऱ्यांत मीही होतो. त्या डिसेंबरात नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात मोबाईल सापडला. मी तो काढून घेतला. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘सर, दुपारी आईचा फोन येतोय.’’ मला ती सबब वाटली. असल्या सबबी आम्ही रोज ऐकतो.

दुपारी एकच्या सुमारास कपाटात मोबाईल वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी कपाट उघडून तो कानाला लावला. पलीकडे बाईचा आवाज होता. माझा आवाज ऐकून ती घाबरली. ‘‘कोण, सर का? पोरगी बरी हाय ना, सर?’’ ती नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडच्या एका फडात होती. पहाटे तोडीला जायचे, अंधार पडल्यावर कोपीवर यायचे. कोपीवर वीज नव्हती. दुपारी गाडी भरताना मुकादमाच्या मोबाईलवरून दोन मिनिटे बोलायला मिळत. गावी ही मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ म्हाताऱ्या आजीपाशी होते. आजीला मोबाईलवर बोलता येत नव्हते. पालक आल्याशिवाय मोबाईल द्यायचा नाही, असा आमचा नियम होता. तिचे पालक यायचे तर पट्टा पडल्यावर, उचल फिटल्यावर, मार्च-एप्रिलात आले असते.

नियम वाईट नव्हता. तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरासाठी केलेला होता.

परंतु ही गोष्ट येथे संपवली तर मी अर्धेच सांगितले असे होईल. मोबाईल परत देताना मी त्या मुलीला विचारले, ‘‘आईशी बोलणे दोन मिनिटांचे. बाकी वेळ काय पाहतेस?’’ ती खरे बोलली. रात्री बारा-एकपर्यंत ती आणि भाऊ रील पाहत. ‘‘पुस्तक घेऊन बसतेस का?’’ तर म्हणाली, ‘‘बसते, सर. पण एक झालं की दुसरं आपोआप येतंय. मग राहूनच जातं.’’

या ‘आपोआप’ शब्दात सगळी मेख आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या कंपन्या आपल्याकडून पाहण्याचे पैसे घेत नाहीत. त्यांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींतून येते. पाहणारा जितका वेळ पडद्यासमोर राहील तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखवता येतात. म्हणजे विकली जाते ती आपली वेळ आणि आपले लक्ष. म्हणून या ॲपांची रचनाच अशी केलेली असते की, माणसाने थांबू नये. पुस्तकातला धडा संपतो, सिनेमा संपतो, तमाशाची वगनाट्येही पहाटे संपतात. मोबाईलवरच्या रीलला शेवट ठेवलेला नाही. कोणत्या चित्रावर आपले बोट किती क्षण थबकले याची नोंद होते आणि पुढचे चित्र त्यावरून निवडले जाते. पुढचे चांगले निघेल की रटाळ, हे आधी कळत नाही. आणि मटक्याच्या आकड्याप्रमाणे ही अनिश्चितताच माणसाला बसवून ठेवते. मोबाईल बाजूला ठेवला तर तो घंटी वाजवून परत बोलावतो. जगातील हुशार अभियंते ज्या कामावर बसवले आहेत, त्या कामापुढे चौदा वर्षांच्या मुलीचा निग्रह टिकत नाही. यात तिच्या चारित्र्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. २०१६ च्या सप्टेंबरनंतर इंटरनेट एकदम स्वस्त झाले, तेव्हा ज्ञान झोपडीपर्यंत पोहोचले असे आपल्याला सांगण्यात आले. ज्ञानाची वाट खुली झाली हे खरे. पण त्याच वाटेने आमच्या मुलांच्या रात्री बाहेर नेल्या जाऊ लागल्या.

ज्याच्याकडे जमीन नाही, पैसा नाही, ओळखपाळख नाही, त्याच्याकडे एकच भांडवल असते, ते म्हणजे वेळ. आमच्या आज्या-पणज्यांकडे तेही नव्हते. महारकीच्या वतनात दिवस-रात्र केव्हाही बोलावणे येई आणि उठावे लागे. आपल्या वेळेवर आपली मालकी नव्हती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हाही प्रश्न होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. ती सक्ती होती आणि मोबाईल हा मोह आहे, हा फरक मी जाणतो. दोन्हींना एका मापाने मोजणे पूर्वजांवर अन्याय करणारे होईल. परंतु दोन-तीन पिढ्यांनी झगडून मिळवलेली वेळ मुले कोणासाठी खर्च करतात, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आता पाहण्या काय सांगतात ते पाहू. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना विचारले गेले. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. त्याआधीच्या, २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे २५ टक्के तरुणांना दुसरीचा मजकूर आपल्या भाषेत अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. त्याच पाहणीत मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा मोबाईल होता. मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. वस्तू घरोघर गेली. वाचन मात्र घरोघर गेले नाही, आणि वस्तूही बहिणीच्या हाती भावाइतकी आली नाही.

शाळेतून मोबाईल काढला तर काय होते? इंग्लंडमधील चार शहरांतल्या शाळांचा अभ्यास लुई-फिलिप बेलँड आणि रिचर्ड मर्फी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. बंदीनंतर परीक्षेतील गुण थोडे वाढले. पण ही वाढ कोणाची होती? जी मुले आधीच पुढे होती त्यांना काहीच फरक पडला नाही. जी मागे होती त्यांची प्रगती सरासरीच्या दुपटीहून अधिक झाली. याचा अर्थ आपण नीट घेतला पाहिजे. ज्याला घरी आधार आहे त्याचे लक्ष वर्गात उडाले तरी घरी भरून निघते. ज्याचे शिक्षण शाळेच्या पाच-सहा तासांतच व्हायचे आहे, त्याचे तेवढे तास गेले की सगळेच गेले. वर्गातील मोबाईलची सर्वांत मोठी किंमत दुबळा विद्यार्थी देतो.

मात्र बंदी म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही तितकेच खरे. २०२५ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी ३० शाळांतील १२२७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदी असलेल्या शाळांतील मुलांचे मानसिक स्वास्थ्य इतरांहून चांगले आढळले नाही, कारण शाळेत वाचलेला वेळ धरूनही दिवसाचा एकूण मोबाईल फारसा कमी झालेला नव्हता. शाळेच्या फाटकापर्यंत नियम चालतो. फाटकाबाहेर दुसरी सोय केली नाही तर मूल पुन्हा मोबाईलकडेच जाते. दुसरीकडे जायला त्याला जागा कुठे आहे?

कायद्याची बाजूही कार्यकर्त्यांना माहीत असावी. केरळातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी मोबाईल वापरण्यास मनाई होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे ठरवून तिला परत घ्यायला लावले. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांत स्मार्टफोनवर सरसकट बंदी घालणे इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही असे मत दिले. मात्र वर्गात तो वापरू देऊ नये, शक्य तेथे तो शाळेत सुरक्षित जमा करून घ्यावा, असे सांगितले. दोन्ही निकालांचा मथितार्थ एकच: साधन हिरावून घेऊ नका, त्याच्या वापराला शिस्त लावा.

खेड्यांनी आपापल्या परीने उत्तरे शोधली आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास सगळ्या घरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामसभेने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईलवर बंदीचा ठराव केला. मला वडगावची रीत अधिक पटते, कारण तेथे मोठ्यांनीही मोबाईल ठेवायचा असतो. पण माझ्या मनात एक प्रश्न उरतोच. भोंगा वाजला, मोबाईल बंद झाला, आता मूल बसणार कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, एक दिवा आणि चुलीचा धूर असेल तर?

हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेब परळच्या चाळीत एका लहान खोलीत शिकले. त्या खोलीत वाचनाला वेळ आणि शांतता मिळावी म्हणून त्यांच्या वडिलांनी किती खटपट केली हे आपण जाणतो. पुढे १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा वसतिगृहे आणि वाचनालये काढणे हे तिच्या उद्दिष्टांत घातले. १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरूही झाले. मुलाच्या हाती पुस्तक देऊन भागत नाही. ते वाचायला जागा, दिवा आणि कोणी न उठवणारे दोन तास द्यावे लागतात, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. मोबाईलच्या प्रश्नाचे उत्तरही मला तेथेच दिसते.

मोबाईल निष्पाप आहे असे माझे म्हणणे नाही, आणि त्याला जात नाही असेही मी म्हणणार नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला, तेव्हा त्याच्या मोबाईलवर वाजलेले बाबासाहेबांचे गाणे हे निमित्त झाल्याचे बातम्यांत आले होते. शाळकरी मुलांच्या व्हॉट्सॲप गटांतही जातीवरून टोमणे चालतात हे मी स्वतः पाहिले आहे. आणि तरीही त्याच मोबाईलवर महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके मिळतात. हे खंड आपल्या खिशात आहेत हे माझ्या दहावीच्या वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. ते आपोआप येत नाहीत. त्यांच्याकडे बोट धरून नेणारा माणूस लागतो.

त्या दुपारनंतर आम्ही आमच्या शाळेत नियम बदलला. मोबाईल सकाळी जमा करायचा, चिठ्ठी लावून ठेवायचा आणि शाळा सुटताना ज्याचा त्याला परत द्यायचा. दंड नाही, पालकाची अट नाही. बाहेरगावी असलेल्या आईबापांसाठी कार्यालयाचा क्रमांक दिला. दुपारच्या सुट्टीत फोन आला की मुलाला बोलावून आणतात. व्हॉट्सॲपवर गृहपाठ देणे बंद केले. वर्गात शिक्षकांचाही मोबाईल बंद. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड गेला, कारण वरिष्ठ कार्यालयाचे आदेश, माहितीचे तक्ते आणि फोटोंची मागणी दिवसभर मोबाईलवरच येत असते. शिकवणे सोडून त्याला उत्तर देण्याची सवय आम्हालाही लागली होती. मुलांना आम्ही एक तास मोबाईल कसा कमावतो हे शिकवले आणि आठवडाभर आपण किती तास पाहिले याचा हिशेब प्रत्येकाला स्वतःच मांडायला लावला. तो हिशेब पाहून काही मुले गप्प झाली. उपदेशाने ती कधी गप्प झाली नव्हती.

वस्तीतल्या तरुणांनी विहारात संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका सुरू केली. दोन ट्यूबलाईट, चार सतरंज्या, जुनी पुस्तके आणि एक पदवीधर मुलगा. दाराशी एक पेटी आहे. मोबाईल त्यात ठेवायचा. मुलांना काही शोधायचे असेल तर त्या मुलाच्या मोबाईलवर सर्वांनी मिळून शोधायचे. रोज वीस-पंचवीस मुले येतात. परीक्षेच्या दिवसांत जागा पुरत नाही. याने रील थांबले असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो की, संध्याकाळी मोबाईलखेरीज जाण्यासारखी एक जागा झाली, आणि मुले तेथे गेली.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. वर्गात मोबाईल नको, हे आपण ठामपणे म्हणावे, कारण त्याची किंमत आपलीच मुले देतात. पण त्याच श्वासात मागावे: शाळेत उघडे असलेले ग्रंथालय, शाळेच्या मालकीचे संगणक, ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह आणि वस्तीवस्तीत दिवा असलेली अभ्यासिका. २०२० साली शिक्षक न देता मोबाईल दिला गेला, आणि आता मोबाईल काढून घेताना बदल्यात काहीच दिले जात नाही. दोन्ही वेळा वस्तूचीच चर्चा झाली. मुलाला काय मिळाले, हे कोणी विचारले नाही.

ती मुलगी पुढे दहावी झाली आणि आता अकरावीला आहे. हंगाम सुरू झाला की तिच्या आईचा फोन अजून कार्यालयात येतो, धाकट्या भावासाठी. आई बोलते दोनच मिनिटे. पहिला प्रश्न असतो, जेवला का? दुसरा असतो, विहारात जातो का?